चूक कोणाची? पोलाद कारखान्यांतील अपघातांचा एक इतिहास

आमच्या संशोधन संस्थेत एक छोटे वर्कशॉप आहे. प्रयोगांसाठी लागणाऱ्या पितळेच्या चकत्या, अॅल्युमिनियमच्या चौकटी, निर्वात नळ्यांचे जोड अशा वस्तू तेथे लेथवर तयार होतात. काही वर्षांपूर्वी तेथे एक अपघात झाला. लेथच्या चकमध्ये धातूचा तुकडा आवळण्यासाठी एक चावी असते. तुकडा आवळला की चावी काढून बाजूला ठेवायची आणि मगच लेथ चालू करायचा, हा लेथ शिकणाऱ्याचा पहिला धडा. त्या दिवशी आमच्या एका अनुभवी सहकाऱ्याला कोणीतरी मध्येच हाक मारली. तो वळला, दोन शब्द बोलला, परत आला आणि त्याने बटण दाबले. चावी चकमध्येच राहिली होती. गोफणीतून दगड सुटावा तशी ती सुटली आणि त्याच्या भुवईवर लागली. डोळा थोडक्यात वाचला.

अपघाताच्या नोंदवहीत 'कारण' या रकान्यात एकच शब्द लिहिला गेला : निष्काळजीपणा. त्याखाली आम्हीही सह्या केल्या. भिंतीवर 'सावधपणे काम करा' असा फलक लागला आणि प्रकरण मिटले.

महिन्याभराने एक निवृत्त फोरमन काही कामासाठी आले. फलक पाहून त्यांनी चौकशी केली आणि म्हणाले, "अहो, फलक कशाला लावता? स्प्रिंगची चावी घ्या की!" या चावीच्या टोकाला एक स्प्रिंग असते. हाताने दाबून धरली तरच चावी चकमध्ये राहते. हात सोडला की आपोआप बाहेर पडते. आम्ही तशी चावी आणली. आता आमच्याकडे चावी चकमध्ये विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही.

आमच्या सहकाऱ्याची चूक झाली होती हे खरे. पण 'चूक कोणाची?' हा एक प्रश्न आहे, आणि 'अशी चूक पुन्हा झाली तरी माणूस सुखरूप राहील का?' हा दुसरा. विज्ञानाच्या पदव्या घेतलेल्या आम्हा मंडळींनाही पहिल्या प्रश्नावरून दुसऱ्यावर यायला महिना लागला, तोही दुसऱ्याने सांगितल्यावर. धातूउद्योगाला तर त्यासाठी कित्येक दशके लागली. त्या इतिहासातला एक महत्त्वाचा अध्याय अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात घडला. तो आज आपण पाहू.

पोलादाचे शहर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिट्सबर्ग आणि भोवतालची अॅलेगेनी काउंटी म्हणजे जगातल्या पोलाद उत्पादनाचे एक मुख्य केंद्र होते. नद्यांच्या काठाने झोतभट्ट्या, पोलाद शुद्ध करण्याच्या भट्ट्या आणि रुळांचे व पत्र्यांचे लाटण कारखाने मैलोन्‌मैल पसरले होते. १९०१ साली यांतल्या मोठ्या कंपन्या एकत्र येऊन 'युनायटेड स्टेट्स स्टील' ही अवाढव्य कंपनी स्थापन झाली.

या कारखान्यांत माणसे का मरत, हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र आणि थोडे भौतिकशास्त्र पुरते. झोतभट्टीत वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी टाकतात आणि खालून तापवलेल्या हवेचा झोत सोडतात. कोक अपुरा जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि सुमारे १,४०० ते १,५०० अंश सेल्सिअस तापमानाचे वितळलेले लोखंड तळाशी जमते.

आता तीन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, हा कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. पण रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. भट्टीच्या माथ्यावर खनिज ओतणारा माणूस नकळत झोपी जावा तसा कोसळे. दुसरी गोष्ट पाण्याची. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे सतराशे पट होते. ओलसर साच्यात किंवा जमिनीवरच्या डबक्यात वितळलेले लोखंड सांडले, तर वर लोखंड आणि खाली कोंडलेली वाफ अशी स्थिती होते. वाफ वाट काढते ती लोखंड उडवूनच. तिसरी गोष्ट खनिजाची. मिसाबी डोंगररांगांतले स्वस्त, भुसभुशीत खनिज मोठ्या प्रमाणावर वापरात आल्यावर भट्टीत माल मध्येच अडकून राहण्याचे प्रकार वाढले. खाली पोकळी होई आणि अडकलेला माल एकदम कोसळला की गॅसचा दाब भट्टी फोडून बाहेर येई.

अशाच एका घटनेने कॅप्टन विल्यम जोन्स यांचा बळी घेतला. ब्रॅडॉक येथील एडगर थॉमसन कारखान्याचे ते प्रमुख होते आणि पोलादाच्या तंत्रात त्यांच्या तोडीची माणसे त्या काळी फारच थोडी होती. सप्टेंबर १८८९ मध्ये एका भट्टीत माल अडकला. तो मोकळा करण्याचे काम चालू असताना भट्टी फुटली. जोन्स स्वतः तेथे उभे होते. दोन दिवसांनी ते वारले. झोतभट्टी त्यांच्याइतकी जाणणारा माणूस जर असा मरत असेल, तर 'कामगार अडाणी आणि बेफिकीर, म्हणून मरतात' हे उत्तर पुरेसे नाही, हे खरे तर त्याच दिवशी कळायला हवे होते.

जोन्स यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बारा तासांच्या पाळीने माणूस थकतो आणि थकलेला माणूस चांगले काम करत नाही, असे त्यांचे मत होते. मालक अँड्र्यू कार्नेगी यांच्याकडे आग्रह धरून त्यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या कारखान्यात आठ तासांची पाळी सुरू करवली होती. प्रतिस्पर्धी कारखाने बारा तासच चालवत राहिले, तेव्हा दहाएक वर्षांनी कार्नेगींनी ती बंद केली. पुढे पिट्सबर्गच्या भट्ट्यांवर बारा तासांची पाळी हीच रीत झाली. दिवसपाळी आणि रात्रपाळी यांची अदलाबदल करताना पंधरा दिवसांतून एकदा सलग चोवीस तास काम पडे. त्या चोविसाव्या तासाला उकळत्या लोखंडाजवळ उभ्या असलेल्या माणसाकडून आपण किती सावधपणाची अपेक्षा करणार?

कायद्याची तीन कुलुपे

कामगार मेला किंवा पांगळा झाला, तर त्याच्या घरच्यांनी काय करायचे? न्यायालयात दावा लावता येई. पण त्या वाटेवर तीन कुलुपे होती.

पहिल्या कुलुपाची गोष्ट इंग्लंडमधली आहे आणि ती एका खाटकाच्या गाडीपासून सुरू होते. चार्ल्स प्रीस्टली हा तरुण एका खाटकाकडे नोकरीला होता. मालाने जास्त लादलेली गाडी मोडली आणि प्रीस्टलीच्या मांडीचे हाड मोडले. ज्युरीने त्याला शंभर पौंड भरपाई देववली. वरच्या न्यायालयाने १८३७ साली ती रद्द केली. एका नोकराच्या चुकीमुळे दुसऱ्या नोकराला इजा झाली, तर मालक जबाबदार नाही, असा नियम पुढे या निकालाच्या आधाराने रूढ झाला. १८४२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या न्यायालयाने एका रेल्वे कामगाराच्या दाव्यात तोच नियम उचलून धरला.

दुसरे कुलूप असे : अपघातात कामगाराची स्वतःची थोडीशीही चूक असेल, तर भरपाई नाही. आणि तिसरे : काम धोक्याचे आहे हे माहीत असून त्याने ते पत्करले, म्हणजे धोकाही पत्करलाच, म्हणून भरपाई नाही.

खाटकाच्या दुकानात दोन नोकर एकमेकांना ओळखतात, एकमेकांवर लक्ष ठेवू शकतात. हजारो माणसांच्या पोलाद कारखान्यात वर क्रेन चालवणारा कोण आणि खाली साखळी बांधणारा कोण, हे दोघांनाही ठाऊक नसे. पुष्कळदा त्यांची भाषाही एक नसे, कारण अकुशल कामगारांपैकी बरेचसे पूर्व युरोपातून नुकतेच आलेले होते. तरी नियम तोच. तीन कुलुपांचा अर्थ एकच होता : अपघाताचे कारण माणसात शोधायचे, आणि शक्यतो जखमी झालेल्या माणसातच शोधायचे.

मोजणी

१९०७ साली रसेल सेज फाउंडेशन या संस्थेच्या पैशावर पॉल केलॉग यांच्या नेतृत्वाखाली पिट्सबर्गच्या जीवनाची सर्वांगीण पाहणी सुरू झाली. घरे, पाणी, आजार, पगार, कामाचे तास अशी विषयांची वाटणी झाली. कामावरच्या अपघातांचा विषय आला क्रिस्टल ईस्टमन या तरुणीकडे. १८८१ साली जन्मलेल्या ईस्टमन यांनी समाजशास्त्राचा अभ्यास करून नुकतीच कायद्याची पदवी मिळवली होती. वय २६.

ईस्टमन यांची पद्धत शाळेतल्या प्रकल्पालाही शोभेल इतकी साधी होती. अकस्मात मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला कॉरोनर म्हणतात. पूर्वी मुंबईतही हे पद होते. अॅलेगेनी काउंटीच्या कॉरोनरच्या दप्तरातून त्यांनी १ जुलै १९०६ ते ३० जून १९०७ या एका वर्षातले कामावरचे सगळे मृत्यू वेचून काढले. 'सगळे' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गाजलेले, वर्तमानपत्रात आलेले तेवढेच नव्हेत. शिवाय त्यांनी तीन महिन्यांतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून ५०९ जखमींची माहिती जमवली. मग दप्तर मिटून त्या आणि त्यांचे सहकारी घरोघर गेले. कोण मेले, कसे मेले, मागे कोण राहिले, कंपनीने काय दिले, आता घर कसे चालते, हे विचारून लिहून घेतले.

एका वर्षातल्या मृत्यूंची संख्या निघाली ५२६. त्यांतले १९५ पोलाद कारखान्यांतले. बाकीचे रेल्वे, खाणी आणि इतर कामांवरचे. एका काउंटीत, कोणतेही युद्ध वा साथ नसताना, दर दोन दिवसांत सरासरी तीन माणसे कामावर मरत होती. ईस्टमन यांच्या पुस्तकात या वर्षाची एक दिनदर्शिका छापली आहे. ज्या तारखेला जितकी माणसे मेली, तितक्या फुल्या. कोरी राहिलेली तारीख शोधावी लागते.

मोजणीतून काही अनपेक्षित गोष्टी कळल्या. पोलाद कारखाना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उसळते लोखंड येते. पण त्याच्या स्फोटांत मेलेल्यांपेक्षा क्रेनच्या कामात मेलेले अधिक होते. कारखान्याच्या आतल्या छोट्या रेल्वेगाड्या, उंचावरून पडणे, खड्ड्यात पडणे ही कारणेही मोठी होती. म्हणजे पुष्कळसे मृत्यू पोलादाच्या स्वभावामुळे नव्हे, तर नसलेला कठडा, अरुंद वाट, झिजलेली साखळी, न दिलेला इशारा यांमुळे झाले होते.

मरणाऱ्यांत म्हातारे थोडे होते. बहुसंख्य चाळिशीच्या आतले होते, आणि कित्येकांच्या घरी लहान मुले होती. विवाहित मृतांच्या निम्म्याहून अधिक कुटुंबांना कंपनीकडून शंभर डॉलर किंवा त्याहून कमी रक्कम मिळाली. कित्येकांना काहीच नाही. शंभर डॉलर म्हणजे किती, हे वर्गात मुलांना काढू द्यावे. त्या वेळी अकुशल कामगाराला तासाला साडेसोळा सेंट मिळत. बारा तासांच्या पाळीचे झाले सुमारे दोन डॉलर. म्हणजे शंभर डॉलर ही पन्नास दिवसांची मजुरी. एका तरुण माणसाच्या उरलेल्या आयुष्याची ती किंमत ठरली होती.

आणि निष्काळजीपणाचे काय? एका कंपनीच्या अधिकाऱ्याने ईस्टमन यांना खात्रीने सांगितले होते की, शंभरातले पंच्याण्णव अपघात जखमी होणाऱ्याच्याच बेफिकिरीने होतात. त्यांनी एकेक प्रकरण तपासले. मृताकडे काही दोष जातो अशी प्रकरणे पंच्याण्णव टक्के तर नव्हतीच, निम्मीही नव्हती. मालक किंवा त्याच्या वतीने हुकूम देणारा फोरमन यांच्याकडे बोट जाते, अशी प्रकरणे पुष्कळ होती. शिवाय, ज्याला आपण बेफिकिरी म्हणतो तिच्यामागे लांबलेली पाळी, उष्णता, गोंगाट, कामाची घाई आणि रोजच्या सवयीने बोथट झालेली भीती असते, हेही ईस्टमन यांनी दाखवून दिले. माणसाचे लक्ष चुकणारच. ते चुकणार हे गृहीत धरून कारखाना बांधला होता का, हा त्यांचा प्रश्न होता.

खर्च कोणाच्या खात्यावर?

ईस्टमन यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्याआधीच न्यूयॉर्क राज्याने नेमलेल्या आयोगावर त्या चिटणीस म्हणून काम करू लागल्या होत्या. आयोगापुढे नमुने होते. जर्मनीने १८८४ साली आणि ब्रिटनने १८९७ साली असे कायदे केले होते की, कामावर अपघात झाला की चूक कोणाची हे न विचारता भरपाई मिळावी. न्यूयॉर्कने १९१० साली तसा कायदा केला. मालकाची चूक नसताना त्याचे पैसे घेणे घटनाविरोधी आहे, असे म्हणत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी तो रद्द केला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहरातल्या ट्रँगल या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून १४६ जण मेले, बहुतेक तरुण मुली. लोकमत खवळले. त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्यात भरपाईचा कायदा आला आणि टिकला. न्यूयॉर्कने राज्यघटनेत दुरुस्ती करून १९१४ साली नवा कायदा केला. १९२०पर्यंत बहुतेक राज्यांत असे कायदे झाले होते.

या कायद्यांत एक देवघेव होती. कामगाराला भरपाई खात्रीने मिळू लागली, पण ती ठरावीक आणि बेताची असे. आणि मालकावर मोठ्या रकमेचा दावा लावण्याचा हक्क त्याला सोडावा लागला. तरी एक मोठा बदल झाला. तोपर्यंत अपघाताचा खर्च विधवेच्या आणि पोरक्या मुलांच्या खात्यावर पडत होता. आता तो कारखान्याच्या हिशेबवहीत आला आणि विम्याचा हप्ता होऊन दर वर्षी मालकासमोर दिसू लागला.

हिशेबात आल्यावर काय होते, हे एका स्क्रूच्या उदाहरणाने पाहू. फिरत्या शाफ्टवर चाक घट्ट बसवण्यासाठी एक स्क्रू पिळतात. त्याला सेट-स्क्रू म्हणतात. त्याचे डोके शाफ्टच्या बाहेर जेमतेम बोटभर येई. शाफ्ट फिरू लागला की ते डोके दिसेनासे होते, आणि तेच सदऱ्याची बाही किंवा मोजा पकडून माणसाला आत खेचते. उपाय काय? डोके शाफ्टच्या पृष्ठभागाखाली राहील असा बिनडोक्याचा स्क्रू वापरायचा. खर्च काही पैशांचा. हा उपाय शोधायला कोणी शास्त्रज्ञ लागत नव्हता. बाहीचा आणि हाताचा खर्च कारखान्याच्या हिशेबात नव्हता, एवढाच अडथळा होता.

न्याय्य व्हायचे तर हेही सांगायला हवे की, काही सुधारणा कायद्याच्या आधीच सुरू झाल्या होत्या. नोव्हेंबर १९०७ मध्ये विल्यम हार्ड या पत्रकाराने शिकागोतल्या एका पोलाद कारखान्यावर एक लेख लिहिला. त्या एका कारखान्यात १९०६ साली ४६ माणसे मेली होती. लेख गाजला. तो कारखाना युनायटेड स्टेट्स स्टीलचा होता. या कंपनीने १९०८ साली सुरक्षेसाठी मध्यवर्ती समिती नेमली, यंत्रांना जाळ्या बसवल्या, कठडे उभारले. 'सेफ्टी फर्स्ट' ही घोषणा याच सुमारास अमेरिकेच्या उद्योगांत पसरली. भट्टीच्या माथ्यावरच्या मजुरांची कथा तर आणखी बोलकी आहे. १८९६च्या सुमारास पिट्सबर्गजवळच्या ड्यूकेन येथे खनिज यंत्राने वर चढवून आपोआप ओतण्याची सोय झाली. हेतू उत्पादन वाढवण्याचा होता; पण त्यामुळे माथ्यावर माणसाची गरजच उरली नाही. विषारी वायूपासून सावध राहण्याचे शंभर फलक जे करू शकले नसते, ते तेथे माणूस नसण्याने झाले.

रकान्यातला शब्द

'चूक कोणाची' हा प्रश्न मात्र इतक्या सहज मेला नाही. १९३१ साली हर्बर्ट हाइनरिक या विमा कंपनीतल्या तज्ज्ञाने एक पुस्तक लिहिले. ७५,००० अपघातांच्या नोंदी पाहून त्यांनी निष्कर्ष काढला की ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्याने होतात, १० टक्के यंत्रांच्या असुरक्षित स्थितीमुळे आणि २ टक्के टाळता न येणारे असतात. हाइनरिक स्वतः यंत्रांना संरक्षक आडोसे बसवण्याचा आग्रह धरत. पण लोकांच्या लक्षात राहिला तो ८८चा आकडा. जगभरच्या कारखान्यांत तो वर्षानुवर्षे सांगितला गेला.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी येथे थांबून विचारले पाहिजे : हा आकडा आला कोठून? विम्याच्या दाव्यांतून आणि कारखान्यांच्या नोंदींतून. त्या नोंदी कोणी लिहिल्या होत्या? मुख्यतः कारखान्यातल्या वरिष्ठांनी. रकान्यात 'निष्काळजीपणा' लिहायचा आणि मग रकान्यांची बेरीज करून अपघात निष्काळजीपणाने होतात असे सिद्ध करायचे, हे मोजमाप नव्हे. आमच्या वर्कशॉपच्या वहीतला तो शब्दही अशाच एखाद्या बेरजेत जाऊन बसला असता, आमच्या सह्यांसकट. ईस्टमन आणि हाइनरिक दोघांनीही मोजणीच केली. फरक इतकाच की, ईस्टमन नोंदीपाशी थांबल्या नाहीत. नोंद झालेल्या माणसाच्या घरी गेल्या.

पिट्सबर्ग ते साकची

या कथेचा एक धागा आपल्या देशात येतो. जमशेटजी टाटा १९०२ साली अमेरिकेत गेले, तेव्हा पिट्सबर्गमध्ये त्यांनी ज्यूलियन केनेडी या अभियंत्याची भेट घेतली. केनेडी पूर्वी एडगर थॉमसन कारखान्यात, म्हणजे कॅप्टन जोन्स यांच्याच हाताखाली, झोतभट्ट्यांचे काम पाहत होते. पुढे साकची येथे उभ्या राहिलेल्या कारखान्याचा आराखडा केनेडी यांच्याच कंपनीने केला. डिसेंबर १९११ मध्ये तेथे पहिले लोखंड निघाले. हेच गाव पुढे जमशेदपूर झाले.

तंत्र पिट्सबर्गचे आले, पण पाळी आली नाही. टाटांच्या कारखान्याने १९१२ साली आठ तासांची पाळी लागू केली. पिट्सबर्गमध्ये बारा तासांची पाळी मोडायला १९२३ साल उजाडले. तीच भट्टी आठ तासांच्या पाळीनेही चालते, हे असे सिद्ध झाले. १९२० साली टाटांनी अपघात भरपाईची योजनाही सुरू केली. जमशेदपूर म्हणजे स्वर्ग होता असे नव्हे. १९२० आणि १९२८ साली तेथे मोठे संप झाले. तरी पूर्ण देशासाठी कामगार नुकसानभरपाई कायदा आला तो त्यानंतर, १९२३ साली. दारूच्या नशेत असणे, मुद्दाम नियम मोडणे असे मोजके अपवाद सोडले, तर कामगाराची साधी चूक ही भरपाई नाकारण्याची सबब राहिली नाही. कारखान्यांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा यायला मात्र १९४६ साल उजाडावे लागले. त्या दुरुस्तीच्या तयारीच्या वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य होते.

आणि तो स्क्रू? १९४८च्या कारखाना अधिनियमात त्याच्यासाठी खास कलम होते. कलम २६ : फिरत्या शाफ्टवरचा प्रत्येक सेट-स्क्रू पृष्ठभागाखाली बसवलेला किंवा झाकलेला असला पाहिजे. एवढेच नाही, तर असे झाकण नसलेले यंत्र विकणाराही शिक्षेस पात्र ठरवला होता. जबाबदारी यंत्रापाशी उभ्या माणसाकडून निघून यंत्र बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यापर्यंत पोचली, हे या छोट्या कलमाचे मोठेपण. २०२० साली संसदेने संमत केलेल्या कामगार संहितांमध्ये हे जुने कायदे सामावून घेण्यात आले आहेत.

वर्गात

कायदा झाला म्हणजे अपघात थांबले असे नाही. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर आजही आपल्याकडे कामगारांची बोटे तुटतात. तेथेही तोच क्रम लागू पडतो : आधी धोकाच काढून टाकता येतो का ते पाहा, नसेल तर माणूस आणि धोका यांच्यात अडथळा घाला, मग कामाची पद्धत आणि वेळ सुधारा, हातमोजे आणि सूचना सगळ्यांत शेवटी. बहुतेक ठिकाणी सुरुवात शेवटापासून होते, कारण ते स्वस्त असते.

एक गणित मुलांना घालता येईल. प्रेससमोर प्रकाशकिरणांचा पडदा लावतात. हात त्यातून गेला की यंत्र थांबते. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरला आणि यंत्र थांबायला ०.३ सेकंद लागत असतील, तर पडदा साच्यापासून निदान किती दूर हवा? ०.४८ मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर. पडदा त्याहून जवळ लावला तर तो असूनही हात सापडेल. आणि जुन्या प्रकारचा प्रेस, जो एकदा सुटला की फेरा पूर्ण केल्याशिवाय थांबतच नाही, त्याच्यापुढे असा पडदा निरुपयोगी. तेथे हात आत जाणारच नाही अशी पक्की जाळी हवी. भौतिकशास्त्राच्या तासाला हे गणित सुटले तर उद्या आयटीआयमध्ये जाणारा मुलगा यंत्रापुढे उभा राहून योग्य प्रश्न विचारील.

औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळांत अशी मुले असतील, ज्यांच्या घरी कोणाच्या हाताला एखादे बोट कमी आहे. त्यांना सर्वांपुढे विचारू नये. पण मूल आपणहून बोलले आणि 'बाबांचीच चूक होती' असे म्हणाले, तर शिक्षकांनी पुढचा प्रश्न विचारावा : चूक झाली तेव्हा यंत्राने काय करायला हवे होते?

आमच्या वर्कशॉपमधला फलक आम्ही काढलेला नाही, राहू दे. नोंदवहीत मात्र त्या जुन्या शब्दाखाली आम्ही एक ओळ घातली आहे : 'चावीला स्प्रिंग नव्हती.'